पार्श्वभूमी: रोजगार हमीचे मस्टर, कागदापासून कॅमेऱ्यापर्यंत

डिसेंबर २०२५मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा नवा कायदा संमत केला आणि २००५चा कायदा, म्हणजे मनरेगा, मोडीत निघणार हे ठरले. त्यानंतरची बहुतेक चर्चा दोन गोष्टींवर झाली: योजनेच्या नावातून महात्मा गांधी गेले, आणि मजुरीच्या खर्चाचा मोठा वाटा राज्यांच्या गळ्यात आला. दोन्ही मुद्दे वजनदार आहेतच. पण कामावरच्या मजुराचा रोजचा संबंध येतो तो हजेरीपत्रकाशी, म्हणजे ज्याला गावोगाव मस्टर म्हणतात त्याच्याशी. मस्टरवर नाव असेल तर मजुरी, नसेल तर दिवसभराची माती वाहिलेली वाया. हे मस्टर कोणाच्या हातात असावे आणि ते कोणाला वाचता यावे, यावरून गेल्या पन्नास वर्षांत जे झाले त्याची सुरुवात महाराष्ट्रातच झाली.

दुष्काळात सरकारने कामे काढण्याची प्रथा इंग्रजी अमदानीपासूनची आहे. दुष्काळ जाहीर झाला की कलेक्टरने कामे सुरू करायची आणि पाऊस पडला की बंद करायची, असा तो खाक्या होता. काम मिळणे हा मजुराचा हक्क नव्हता, सरकारची मर्जी होती. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी हा क्रम उलटवण्याची कल्पना मांडली. काम सरकारने काढायचे नाही, मजुराने मागायचे, आणि मागेल त्याला ते द्यायचे. १९६५मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात लहान प्रमाणावर तसा प्रयोग झाला. १९७२मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना योजना राज्यभर लागू झाली, पण लागलीच मोठ्या दुष्काळाने गाठले आणि तिची जागा दुष्काळी कामांनी घेतली. १९७३च्या उन्हाळ्यात या कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. खडीच्या ढिगापाशी बसून दगड फोडणाऱ्या बाया, कामावर वाटली जाणारी सुकडी आणि रेशनवरची लाल मिलो ज्वारी, एवढे तरी त्या पिढीच्या घराघरांत अजून सांगितले जाते.

दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा उभी राहिली. तिला पैसा हवा म्हणून १९७५मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारातून आजही दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ते याच करापोटी. हा कर मुळात कशासाठी बसवला गेला याची आठवण मात्र कापणाऱ्यालाही नसते आणि ज्याचे कापले जातात त्यालाही. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ हा २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, न दिल्यास भत्ता, आणि दिवसांची कमाल मर्यादा नाही, अशी त्याची रचना होती. देशात कामाचा हक्क कायद्याने मान्य झाल्याचे हे पहिलेच उदाहरण.

पाझर तलाव, नालाबांध, बंडिंग, रस्ते अशा कामांवर मस्टर तहसील कार्यालयाकडून येत असे. मुकादम किंवा कारकून त्यावर हजेरी मांडी, कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तिकेत खोदाईचे आकडे भरी, आणि पगाराच्या दिवशी शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून मजूर रोख रक्कम घेई. मजुरी कामाच्या मोजमापावर असल्याने नुसती हजेरी पुरेशी नव्हती. पण हजेरीच नसेल तर मोजमापालाही अर्थ नव्हता. खोटी नावे, मेलेल्यांची नावे, एकाच अंगठ्याचे दहा ठसे हे प्रकार याच कागदावर चालत. त्याचे मुख्य कारण असे की मस्टर साहेबांच्या पेटीत असे आणि ज्यांची नावे त्यावर होती त्यांना ते पाहायला मिळत नसे.

या दुखण्यावरचा उपाय मात्र राजस्थानातून आला. मजदूर किसान शक्ती संघटन या संघटनेने १९९४च्या डिसेंबरपासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. पद्धत अगदी साधी होती: सरकारी कामाचे मस्टर मिळवायचे आणि गावासमोर मोठ्याने वाचायचे. यादीत नाव आले की तो माणूस उठून सांगे, मी या कामावर कधी गेलोच नाही. त्या सुनावण्यांतून माहितीच्या अधिकाराची मागणी पुढे सरकली, आणि २००५मध्ये माहितीचा अधिकार व राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी असे दोन्ही कायदे एकाच वर्षी आले, हा योगायोग मानता येत नाही. मस्टर कामाच्या जागी पाहायला ठेवणे आणि ग्रामसभेने सामाजिक अंकेक्षण, म्हणजे कामांची व खर्चाची जाहीर तपासणी, करणे या दोन्ही गोष्टी २००५च्या योजनेच्या चौकटीत आल्या. २ फेब्रुवारी २००६पासून २०० जिल्ह्यांत, त्यांपैकी महाराष्ट्रातील १२, आणि १ एप्रिल २००८पासून देशातील सर्व ग्रामीण जिल्ह्यांत कायदा लागू झाला. प्रत्येक कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी आणि अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा, अशी ही व्यवस्था होती. महाराष्ट्राने आपला १९७७चा कायदा रद्द न करता २००६मध्ये दुरुस्त केला आणि १०० दिवसांपुढच्या कामाचा भार स्वतःकडे ठेवला.

संगणकीकरणाचा पहिला टप्पा या उघडेपणाला पूरकच होता. कोणत्याही गावचे मस्टर, त्यावरची नावे आणि दिलेली मजुरी संकेतस्थळावर कोणालाही दिसू लागली. इतकी माहिती उघड करणारी दुसरी सरकारी योजना सहसा सापडणार नाही. रोख पगार बंद होऊन पैसे बँक व पोस्टाच्या खात्यात जाऊ लागल्याने मुकादमाचा हातही आखडला. मात्र पुढच्या टप्प्यांत दिशा बदलली. ई-मस्टरवर मागणी नोंदवलेल्यांचीच नावे छापून येतात, त्यामुळे मागणी वेळेत संगणकावर चढली नाही तर कामावर हजर राहिलेल्या माणसालाही जागा नसते. मस्टर बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी द्यायची आणि उशीर झाल्यास दररोज ०.०५ टक्के भरपाई, असा नियम आहे. पण निधी हस्तांतरणाचा आदेश निघाल्यानंतर दिल्लीच्या टप्प्यावर होणारा उशीर भरपाईच्या हिशेबात धरलाच जात नसे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये त्यावर बोट ठेवले. १ जानेवारी २०२४पासून आधारशी जोडलेल्या खात्यातच मजुरी देण्याची सक्ती झाली. जॉबकार्डावर, म्हणजे योजनेच्या नोंदणीपत्रावर, ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनबाई’ एवढ्या फरकानेही तालुक्याच्या गावी खेटे घालावे लागतात, हे ग्रामपंचायतीत काम करणाऱ्या कोणालाही विचारावे.

मे २०२१मध्ये हजेरीचे मोबाइल ॲप आले आणि १ जानेवारी २०२३पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, ते सर्वत्र सक्तीचे झाले. दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र काढायचे, ते ठिकाणाच्या नोंदीसह चढवायचे. सकाळी लवकर येऊन आपला चौकोन खोदून घरी जाणारी बाई दुसऱ्या छायाचित्रासाठी दुपारपर्यंत उन्हात थांबू लागली. मजुरी मोजमापावर मिळते हे तत्त्व कागदावर राहिले. मेळघाट किंवा अक्राणीसारख्या डोंगराळ भागात रेंज शोधणे हेच वेगळे काम झाले. आणि ज्यासाठी हे केले तो हेतू? ८ जुलै २०२५ रोजी केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवले की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढवली जात आहेत आणि छायाचित्राचेच छायाचित्र काढून हजेरी लावली जात आहे. त्यावर सुचवलेला उपाय असा, की ग्रामपंचायतीने सर्वच्या सर्व छायाचित्रे आणि हजेरी माणसाकरवी तपासावी. ग्रामपंचायतीतले हे काम येते ते मानधनावरच्या ग्रामरोजगार सेवकाकडे. कागदी मस्टरमधली खोटी नावे गाव ऐकताच ओळखत असे. सर्व्हरवरचे छायाचित्र गावासमोर कोणी वाचून दाखवत नाही.

नव्या कायद्यात हमी १२५ दिवसांची आहे, बहुतेक राज्यांसाठी खर्चाची विभागणी ६०:४० आहे, आणि पेरणी-कापणीच्या हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची मुभा आहे. बायोमेट्रिक ओळख आणि गैरप्रकार शोधण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता यांची तरतूद आता कायद्याच्या मजकुरातच आली आहे. ॲपची सक्ती परिपत्रकांपुरती होती. राज्यांनी आपापली योजना आखायची आहे. महाराष्ट्राजवळ त्यासाठी १९७७चा स्वतःचा कायदा आहे, आणि मस्टर कामावर, मजुरांना दिसेल असे ठेवण्याचे कलम राज्याच्या योजनेत येते की नाही, हे त्या मसुद्यातच कळेल.