पेरूच्या बिया आणि अपेंडिक्स

"पेरूच्या बिया गिळू नकोस, अपेंडिक्स होईल." आजीचं हे वाक्य आता फॉरवर्ड होऊन येतं. भीती अगदीच हवेतली नाही, म्हणून नीट पाहू.

अपेंडिक्स म्हणजे आंत्रपुच्छ. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, बोटाएवढी, एका टोकाला बंद नळी. आतली पोकळी जेमतेम काही मिलिमीटरची. ती बुजली की आत स्राव साठतो, दाब वाढतो, जंतू फोफावतात. बुजवणारा असतो बहुधा वाळलेल्या मळाचा खडा, नाहीतर नळीच्याच भिंतीतल्या लसिका ऊतींची, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांची, सूज. बी सापडते, पण क्वचितच.

आता हिशेब करा. तिखट-मीठ लावलेल्या एका पेरूत शंभराहून जास्त बिया सहज असतात, आणि आपण हयातभर पेरू खातो. बियाच कारण असत्या तर हंगामात वॉर्ड भरून गेले असते. घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल, तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काढून वाचा. आत काय सापडलं ते त्यात असतं.

उलट डॉक्टर विचारतात ते वेगळंच: आई-वडील, भावंडांना झालं होतं का? तसं असेल तर धोका वाढतो, अर्थात होईलच असं नाही. शिवाय अनेकांचं अपेंडिक्स आतड्यामागे दडलेलं असतं. मग दुखू शकतं कुशीत किंवा पाठीकडे, आणि निदान चुकू शकतं.

बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली सरकलं, तर ओवा चघळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.