माल्टाच्या चाकोऱ्या

भूमध्य समुद्रातील माल्टा द्वीपसमूहाच्या उघड्या चुनखडकावर ठिकठिकाणी आढळणाऱ्या, समांतर जाणाऱ्या खोल खाचांच्या जोड्या. गाडीच्या चाकाने वाटेवर पडलेली खाच हा ‘चाकोरी’ या शब्दाचा मूळ अर्थ. लाक्षणिक वापरामुळे तो मागे पडला असला, तरी या अवशेषांसाठी मराठीत याहून नेमका शब्द नाही. मात्र या खाचा चाकांनीच पडल्या काय, हा वादाचा मुद्दा असून त्याचा विचार पुढे केला आहे.

माल्टा, गोझो व कोमिनो ही मुख्य बेटे मिळून द्वीपसमूहाचे क्षेत्रफळ अवघे ३१६ चौ. किमी. आहे. व्हॅलेटा ही राजधानी आणि महापाषाणी मंदिरे पाहून बहुतेक प्रवासी परततात. चाकोऱ्यांकडे फार थोडे वळतात. त्यांतील सर्वांत मोठा समूह माल्टा बेटावरील रबात या गावाच्या दक्षिणेस, बुस्केट उद्यान व डिंगलीचे समुद्रकडे यांच्यामधील माळावर आहे. त्याचे नाव मिसराह आर इल-कबीर, म्हणजे ‘मोठ्या गुहेचे पटांगण’. माल्टी भाषा अरबीतून उपजलेली असल्याने संत कबीरांच्या नावातला ‘महान’ या अर्थाचा शब्दच येथे गुहेला लागला आहे. एकमेकींना छेदणाऱ्या, फुटणाऱ्या व पुन्हा मिळणाऱ्या खाचांच्या जाळ्यामुळे इंग्रजी भाषकांनी या जागेला लंडनच्या गजबजलेल्या रेल्वे स्थानकावरून ‘क्लॅपम जंक्शन’ असे टोपणनाव दिले.

जोडीतील दोन खाचांमधले अंतर सर्वसाधारणपणे १.४ मी.च्या आसपास भरते, पण ते सर्वत्र सारखे नाही. खोली काही ठिकाणी बोटभर, तर काही ठिकाणी ६० सेंमी.पर्यंत आहे. खाच वरती रुंद व तळाशी निमुळती असते. पावसाळ्यानंतर तिच्यात पाणी साचून राहते आणि तळाच्या मातीत गवत उगवते. उतारावर एक खाच दुसरीपेक्षा खोल गेलेली दिसते. एखादी जोडी फार खोल झाली, की तिच्या लगत दुसरी सुरू होते. कच्च्या गाडीवाटेवर चिखलात रुतणारी चाकोरी सोडून गाडीवान बैल बाजूने हाकतो, त्याच्याशी याचे साम्य उघड आहे.

काळ : चाकोऱ्यांचा उल्लेख माल्टी इतिहासकार जान फ्रांचेस्को आबेला यांच्या १६४७ मधील माल्टावर्णनात येतो. खाणीतील दगड समुद्रापर्यंत नेण्यासाठी त्या वापरात असाव्यात, असे त्यांनी सुचविले. माल्टी पुरातत्त्वज्ञ थेमिस्टोक्लीस झामित यांनी १९२८ मध्ये पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांसाठी माती वाहून नेण्याचा तर्क मांडला. पुरातत्त्वज्ञ डेव्हिड ट्रम्प यांनी त्या कांस्ययुगातील वस्त्यांशी जोडल्या, तर अँथनी बोनान्नो या पुरातत्त्वज्ञांचा कल फिनिशियन (लेबाननच्या किनाऱ्यावरून आलेल्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या) काळाकडे आहे. मिसराह आर इल-कबीर येथे प्यूनिक (कार्थेजच्या अमलाखालील काळातील) थडग्याच्या खोदकामाने चाकोरी तोडली आहे. म्हणजे निदान ती चाकोरी थडग्याच्या आधीची. हा पुरावा ठोस असला, तरी त्या एका जोडीपुरताच. त्यावरून सगळ्या बेटावरील चाकोऱ्या एकाच युगात कोंबणे योग्य वाटत नाही. प्राचीन खाणींजवळच्या काही चाकोऱ्या बऱ्याच नंतरच्या असणे शक्य आहे. त्या अनेक शतकांत पडत गेल्या, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

वाहन : एच. एस. ग्रेसी यांनी १९५४ मध्ये चाकांऐवजी घसरगाडीचा पक्ष घेतला. जनावराच्या दोन्ही बाजूंना बांधलेले दांडे मागे जमिनीवर ओढत नेणारे हे साधन. परंतु वळणावर असे ताठ दांडे खोल खाचेत अडकतील. चाकांचा पक्ष मानल्यास ६० सेंमी. खोल खाचेत गाडीचा आस दगडाला लागू नये म्हणून चाकाचा व्यास १.२ मी.हून अधिक हवा; ही अशक्य गोष्ट नव्हे. मॉटर्सहेड, पीअर्सन व शेफर यांनी २००८ मध्ये खडकाच्या ताकदीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओला झाला, की हा चुनखडक पुष्कळ कमजोर होतो आणि त्याच्या अगदी मऊ थरांवर भरल्या गाडीचे चाक थोड्या फेऱ्यांतही खूण उमटवू शकते, असे त्यातून दिसते. त्यामुळे खाचा मुद्दाम छिन्नीने कोरल्या, असे सरसकट मानण्याची गरज उरत नाही. दोन खाचांमध्ये जनावरांच्या खुरांच्या खुणा का नाहीत, हा आक्षेप मात्र शिल्लक राहतो. त्या काळी खडकावर मातीचा थर असावा, हे त्याचे नेहमीचे उत्तर. सिसिलीतील सिराक्यूज येथेही अशा खाचा आहेत. ग्रीसमधील कॉरिंथच्या डिओल्कोस या फरसबंद वाटेवरील खाचांतले अंतर सुमारे १.६ मी. आहे.

इतर स्थळे : नाशारजवळील सान पॉल तात-तार्जा, सान ज्वान, आणि गोझोवरील ता चेंच. बिर्झेब्बुजा येथे सेंट जॉर्ज उपसागराच्या काठी चाकोऱ्या थेट पाण्यात उतरतात. सान ज्वान भागात घरांनी चाकोऱ्या चहूबाजूंनी वेढल्या आहेत. शेती, खाणी व रस्ते यांखाली किती गेल्या, याची मोजदाद आता होणे नाही.

मिसराह आर इल-कबीरच्या लगतच्या गुहांत १८३५ पर्यंत लोक राहत होते. ब्रिटिश अंमलात त्यांना तेथून हलविण्यात आले. माळ उघडा असून सावली नाही. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जावे. तेव्हा प्रत्येक खाचेची एक कड अंधारते आणि भर दुपारी नजरेतून सुटणाऱ्या उथळ जोड्याही ओळखू येतात.