गुळाचा रवा आणि रोबोचा हात

मोठ्या गोडाऊनमध्ये ऑर्डरप्रमाणे माल गोळा करणाऱ्या माणसाचा साधारण निम्मा वेळ नुसता चालण्यात जातो. माल शोधणं, उचलणं, तपासणं, खोक्यात टाकणं हे सगळं उरलेल्या निम्म्यात. गेल्या वीस-बावीस वर्षांत गोडाऊनमधल्या रोबोंनी खरोखर मारलेली बाजी ही या चालण्यावरची आहे. उचलण्यावर त्यांची पकड अजून कच्चीच आहे, आणि ते किती कच्चं हे कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या मालाकडे बघितलं की चांगलं कळतं.

जमिनीत पुरलेल्या तारेचा माग काढत जाणाऱ्या बिनड्रायव्हरच्या गाड्या अमेरिकेत १९५०च्या दशकातच आल्या होत्या. पण त्या ठरल्या वाटेवरून माल ओढायच्या, एवढंच. २००३ साली सुरू झालेल्या किवा सिस्टिम्स या कंपनीने प्रश्नच फिरवला: माणसाने रॅकपर्यंत कशाला जायचं, रॅकच त्याच्याकडे येऊ दे. बुटका, चपटा रोबो रॅकखाली शिरतो, ते किंचित उचलतो आणि माणसासमोर आणून उभं करतो. फरशीवर ठरावीक अंतराने कोडचे स्टिकर असतात, रोबोच्या पोटाखालचा कॅमेरा ते वाचतो आणि आपण कुठल्या चौकोनात आहोत ते त्याला कळतं. पुढचे चौकोन आधीच त्याच्या नावावर राखून ठेवलेले असतात, त्यामुळे दोन रोबो समोरासमोर येऊन अडत नाहीत. ॲमेझॉनने २०१२ मध्ये ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरला विकत घेतली. २०२५ मध्ये त्यांच्या सगळ्या प्रकारच्या रोबोंचा आकडा दहा लाखांवर गेला.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट रोबोत नाही, रॅक परत ठेवण्याच्या पद्धतीत आहे. काम झालं की रॅक आपल्या जुन्या जागी जात नाही, सोयीची जी जागा रिकामी असेल तिथे जाऊन बसतं. कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधल्या, म्हणजे चपलांच्या बाजारातल्या, एखाद्या दुकानदाराने ऑनलाइन विक्रीसाठी असं गोडाऊन थाटलं, असं समजा. ज्या मापाच्या कापशी चपलेला रोज गिऱ्हाईक आहे तिचं रॅक सारखं मागवलं जाणार, म्हणून ते पुढच्या बाजूलाच घुटमळणार. न खपणारी मापं हळूहळू मागच्या भिंतीला सरकणार. कुणी बसून मांडणी ठरवलेली नसते, खपच ती करून टाकतो. शिवाय एकाच मापाचे जोड मुद्दाम पाच-सहा वेगळ्या रॅकांत विखरून ठेवतात, म्हणजे कुठलं तरी एक जवळ सापडतंच. आपल्याकडचा जुना दुकानदार हे बघून म्हणेल, "हा काय पसारा मांडलाय!" पण प्रत्येक जोड ठेवताना स्कॅन केलेला असतो, म्हणून पसारा चालतो. एक स्कॅन चुकला की तो जोड असून नसल्यासारखा. माळ्यावर कुठल्या कोपऱ्यात काय पडलंय हे तोंडपाठ असलेला गडी इथे नसतो.

भारतात या सगळ्याला जोर आला तो १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाल्यावर. कर वाचवण्यासाठी राज्याराज्यांत छोटी गोडाऊनं ठेवायचं कारण संपलं, मोठी गोडाऊनं परवडू लागली. ग्रेऑरेंज, ॲडव्हर्ब अशा आपल्याकडच्या कंपन्याही असे रोबो बनवतात.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात मात्र स्टिकरवाली तऱ्हा टिकणं अवघड. वाळूची आणि काजळीची धूळ दोन पाळ्यांत कोड झाकून टाकेल. तिथे लेझरवर चालणारा रोबो लागतो. तो सतत आजूबाजूला किरण टाकतो, परत यायला लागलेल्या वेळावरून भिंत, खांब, माणूस किती लांब आहे ते काढतो आणि आपल्या नकाशाशी ताडून बघतो. वाटेत कुणी ट्रॉली सोडून गेलं असेल तर वळसा घालतो. कास्टिंगने भरलेली लोखंडी बिन एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये न्यायची, एवढं काम असेल तर हे यंत्र उत्तम. मात्र जमीन सपाट हवी. उखडलेल्या शहाबादी फरशीवर लाखोंचं यंत्र अडून बसतं, तेव्हा आधी गवंडी बोलवावा लागतो.

आता उचलणं. रोबोचा हात बहुतेक वेळा बोटांनी धरत नाही, हवा ओढून चिकटतो. पाच सेंटिमीटर व्यासाचा रबरी कप घ्या. त्याचं क्षेत्रफळ होतं साधारण २० चौरस सेंटिमीटर. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलो, म्हणजे आतली सगळी हवा काढली तर वीस किलो पेलावेत. प्रत्यक्षात साठ टक्के हवा निघाली तर बारा, आणि माल हिसका बसून पडू नये म्हणून धरायचे त्याच्याही निम्मे. असे अनेक कप लावले की खोकं सहज उचललं जातं, कारण पुठ्ठ्यातून हवा फारशी गळत नाही. बारदानातून मात्र ती सर्रास गळते. कापडात गुंडाळलेला तीस किलोचा गुळाचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, घ्या: पृष्ठभाग खडबडीत, कडा गोल, आणि पावसाळी हवेत गूळ पाणी सोडून चिकट होतो, तो वेगळाच. ट्रकमधून माल उतरवणारा बॉस्टन डायनॅमिक्सचा 'स्ट्रेच' हा रोबो २३ किलोपर्यंतची खोकी उचलतो. आपला हमाल साखरेचं पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढतो. या पाठीवरचा भार आधी यंत्राने घ्यायला हवा होता, असं मला वाटतं. ज्यांच्यासाठी महाराष्ट्राला १९६९ साली माथाडी कायदा करावा लागला, त्यांचं ओझं तसंच राहिलं आणि हलक्या खोक्यांची चाल वाचली.

हाताला स्पर्श देण्याचे प्रयत्न जोरात आहेत. ॲमेझॉनने २०२५ मध्ये दाखवलेला 'व्हल्कन' किती जोर लागतोय ते जाणून माल हाताळतो. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या गोडाऊनमधल्या सुमारे पंचाहत्तर टक्के प्रकारच्या वस्तू त्याला जमतात. त्या वस्तूंत गुळाचा रवा नसणार, हे सांगायला नको. दोन पायांच्या माणसासारख्या रोबोंचे व्हिडिओ मोबाइलवर खूप फिरतात, पण सपाट फरशीवर चाकं असताना पाय कशाला, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

मोजणी हा आणखी एक भाग. साखर कारखाने गोडाऊनमधल्या साखरेवर बँकेकडून मालतारण कर्ज घेतात, म्हणजे पोत्यांचा आकडा हा थेट पैशाचा आकडा. ड्रोन थप्प्यांवरून फिरून मोजणी करू शकतो. पण त्याला दिसतात बाहेरची पोती. आतली तो थप्पीच्या लांबी-रुंदी-उंचीवरून हिशेबाने धरतो. थप्पीत पोकळी ठेवली असेल तर ड्रोनही फसतो, आणि त्या जागी अजून माणूसच वर चढतो.

गुळापुरतं बोलायचं तर यंत्र येईल ते एक किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या बॉक्सच्या वाटेने. तोच गूळ खोक्यात गेला की कपाला चिकटतो, त्याच्यावर बारकोड बसतो, रॅकवर नीट मावतो. अडचण हिशेबाची आहे. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात आणि पुढचे चार-पाच महिने यार्डात आवक असते. हमाली नगावर मिळते, आवक थांबली की तीही थांबते. रोबोचा हप्ता जूनमध्येही भरावा लागतो. म्हणून रोबो विकत न देता महिन्याच्या भाड्याने द्यायची पद्धत आता रुळते आहे, आणि एखाद्या अडत्याने रोबो घेतलाच तर तो बहुधा हंगामापुरता भाड्यानेच घेईल.