संशोधन-प्रकाशनाचे शिक्षण : खानदेशातील संशोधक आणि प्राध्यापकांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

पीएच.डी.ची नोंदणी झाली की ‘पेपर कुठे छापून मिळेल?’ हा प्रश्न घेऊन विद्यार्थी ग्रंथालयात येतात. पेपर म्हणजे शोधनिबंध कसा लिहायचा, तो कोण तपासतो, कोणत्या चुकीला गैरवर्तन म्हणतात, हे शिकवणारे अधिकृत अभ्यासक्रम आहेत आणि ते फार खर्चिक नाहीत, हे मात्र अनेकांना पैसे भरून लेख छापून झाल्यावरच कळते. तसे होऊ नये, म्हणून ही माहिती.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा अभ्यासक्रम म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स’. आयोगाने २०१९ च्या अखेरीस तो पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये, म्हणजे प्रबंधाआधी पूर्ण करायच्या अभ्यासक्रमात, सक्तीचा केला. तो २ क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे श्रेयांक) आणि ३० तासांचा असून त्यात सहा घटक आहेत. तत्त्वज्ञान आणि नीती, वैज्ञानिक आचरण आणि प्रकाशननीती हे पहिले तीन घटक तात्त्विक आहेत, तर मुक्त प्रवेश (वाचकाला विनामूल्य मिळणारे) प्रकाशन, प्रकाशनातील गैरवर्तन आणि डेटाबेस व संशोधन-मापने (लेखांच्या प्रभावाची मोजमापे) हे पुढचे तीन प्रत्यक्ष कामाचे आहेत. पीएच.डी.चे विद्यार्थी (आणि २०२२ मध्ये एम.फिल. बंद होईपर्यंत त्याचेही) यासाठी पात्र आहेतच, शिवाय इच्छुक प्राध्यापकांनाही आयोगाने तो खुला ठेवला आहे. प्राध्यापकांसाठीची ही तरतूद फारशी कुणाच्या लक्षात येत नाही.

संशोधक विद्यार्थ्याला यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, किंवा अन्य कोणत्याही विद्यापीठात, पीएच.डी.ला प्रवेश निश्चित झाला की कोर्सवर्कच्या नोंदणीतच हा विषय येतो. २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे असते आणि त्यात किमान ५५ टक्के गुण किंवा समकक्ष श्रेणी मिळाल्याखेरीज प्रबंध सादर करता येत नाही. शिकत असताना स्वाध्याय, चाचण्या आणि चर्चा यांतून सतत मूल्यमापन होते आणि शेवटी लेखी परीक्षा असते, म्हणून हजेरी लावून वेळ काढण्याचा हा विषय नव्हे. शुल्क विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे असते. प्राध्यापकांनी आपल्या प्राचार्यांमार्फत विद्यापीठाच्या संबंधित विभागाकडे लेखी विचारणा करावी. तोंडी चौकशीवर विसंबू नये.

दुसरा मार्ग ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या पोर्टलचा. हेमवती नंदन बहुगुणा गढवाल विद्यापीठातून तयार झालेला ‘अकॅडेमिक रायटिंग’ हा अभ्यासक्रम तिथे अनेक सत्रांत चालला आहे, आणि ज्याला पहिला शोधनिबंध लिहायचा आहे त्याने सुरुवात त्यानेच करावी असे माझे मत आहे. यासाठी प्रवेशपरीक्षा नाही. पदव्युत्तर विद्यार्थी, संशोधक, प्राध्यापक, कोणीही ईमेलने खाते उघडून विनामूल्य नाव नोंदवू शकतो. खाते उघडताना नाव ओळखपत्रावर जसे आहे अगदी तसेच लिहावे, कारण प्रमाणपत्रावर तेच छापले जाते. वडिलांचे किंवा पतीचे नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, ही आपल्याकडची नेहमीची अडचण आहे, आणि ती आधी मिटवलेली बरी.

इथे सर्वाधिक चूक होते ती अशी, की अभ्यासक्रमात नाव नोंदवले म्हणजे परीक्षेचाही अर्ज झाला, असे विद्यार्थी समजतात. तसे नाही. परीक्षेचा अर्ज सत्राच्या उत्तरार्धात स्वतंत्रपणे भरावा लागतो आणि शुल्क त्याच वेळी द्यावे लागते. अर्जासोबत छायाचित्र आणि सही यांच्या स्कॅन प्रती, ओळखपत्राचा तपशील, आणि शुल्कात सवलत हवी असल्यास जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला तयार ठेवावा. परीक्षेचे शहर निवडताना यादी नीट पाहावी. सातपुड्यातल्या धडगाव किंवा मोलगीच्या विद्यार्थ्याला घाट उतरून यायचे असते, त्याने मुक्कामाची सोय धरूनच शहर निवडावे. जुलैत सुरू होणाऱ्या सत्राची परीक्षा हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या धांदलीत येते, तेव्हा घरची शेती असलेल्यांनी शक्य तर जानेवारीचे सत्र घ्यावे. क्रेडिट आपल्या पदवीत जमा करून घ्यायचे असतील, तर नोंदणीपूर्वीच महाविद्यालयाची लेखी संमती मिळवावी.

तिसरे काम अर्ध्या तासाचे आहे. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा १६ अंकी ओळखक्रमांक विनामूल्य मिळतो आणि त्याला नाव, ईमेल व पासवर्ड यांखेरीज काहीही लागत नाही. पाटील, चौधरी, महाजन ही आडनावे आपल्याकडे इतकी आहेत की एकाचे लेख दुसऱ्याच्या नावावर सहज चढतात. हा क्रमांक त्यावरचा उपाय आहे. तो घेताना महाविद्यालयाच्या ईमेलबरोबर वैयक्तिक ईमेलही जोडावा, म्हणजे संस्था बदलल्यावर खाते हातचे जात नाही.

आता हे सारे आजच का करावे, याविषयी. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी बंद केली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्था व संशोधकांवर आली. यादीत नाव आहे की नाही एवढेच पाहणाऱ्यांना आता स्वतः पाहावे लागणार आहे : संपादक मंडळातील माणसे खरी आहेत का, समीक्षेला, म्हणजे तज्ज्ञांकडून लेख तपासून घ्यायला, किती काळ लागतो, शुल्क आधी सांगितले आहे का. दोन दिवसांत स्वीकृती आणि लगेच पैशांची मागणी, असा संदेश व्हॉट्सॲपवर आला तर उत्तर देऊ नये. माझ्याकडे एक विद्यार्थिनी असाच छापलेला लेख घेऊन आली होती. शिष्यवृत्तीचे पैसे गेले होते आणि तिच्या विषयातला एकही जाणकार समीक्षक त्या लेखाला लाभला नव्हता. संपादित नियतकालिक कसे असते हे पाहायचे असेल, तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या ‘संशोधक’चे जुने अंक चाळावेत आणि टिपा कशा दिल्या आहेत ते पाहावे.

साहित्यचौर्याचे नियमही पाठ असावेत. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना सुधारित प्रबंध सादर करण्यास एक वर्षाची बंदी असते आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत संदर्भासह दिलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीत धरली जात नाही, म्हणून तपासणीचा अहवाल हाती आला की ते भाग वगळले आहेत ना, हे ग्रंथपालाबरोबर बसून पाहावे.