सूरिनाममधली आडनावं मालकांची नव्हेत

गुलामगिरी संपली तेव्हा दक्षिण अमेरिकेतल्या सूरिनाम या डच वसाहतीतल्या माणसांना मालकांचीच आडनावं चिकटवली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. १ जुलै १८६३ ला मुक्त झालेल्या तेहतीस हजारांवर लोकांची आडनावांसह सरकारी नोंद झाली, पण वसाहतीत आधीच रुळलेलं आडनाव त्यांना द्यायचं नाही, असा दंडक होता. मग कधी मालकांच्याच आडनावांतल्या अक्षरांची उलथापालथ झाली: ‘डे व्रीस’चं ‘व्रीसडे’, ‘विल्केन्स’चं ‘केन्सविल’. ऑलिंपिक धावपटू लेतिशिया व्रीसडे यांचं आडनाव याच घडणीतलं. म्हणजे मालकाची खूण पुसलीही नाही आणि नाव पूर्ण मिळालंही नाही. याचं मला फार वाईट वाटतं. माणशी ३०० गिल्डर (डच चलन) भरपाई दिली गेली, तीही मालकांना. मुक्त झालेल्या १५ ते ६० वयाच्या माणसांवर मात्र आणखी दहा वर्षं कराराची मजुरी लादली.