भांड्यांच्या आवाजावरून नकाशा: जुन्या भूकंपांची तीव्रता कशी ठरते

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सोलापूरकरांचीही झोप उडवली. आजही त्या पहाटेचा विषय निघाला की कोणी फडताळातली भांडी खणखणल्याचे सांगते, कोणी दाराची कडी आपोआप वाजल्याचे. ज्या काळात यंत्रे नव्हती, त्या काळातील भूकंपांचे नकाशे अशाच साक्षींवर उभे आहेत.

बोलताना आपण ‘6.2 रिश्टर तीव्रता’ असे सर्रास म्हणतो, पण रिश्टर यांची 1935 ची मोजपट्टी भूकंपाचा आकार सांगते आणि तो आकडा एका भूकंपाला एकच असतो. तीव्रता, म्हणजे त्या-त्या ठिकाणी हादऱ्याचा झालेला परिणाम, मात्र गावागणिक बदलते. 1857 मध्ये दक्षिण इटलीत भूकंप झाल्यावर रॉबर्ट मॅलेट यांनी गावोगाव हिंडून भिंतींचे तडे तपासले आणि सारख्या नुकसानीची गावे रेषांनी जोडली. पुढे तीव्रता पायऱ्यांत मोजणाऱ्या रॉसी-फोरेल, मर्काली आणि 1964 मधील एमएसके (मेदवेदेव-स्पॉनहॉयर-कार्निक) अशा श्रेणी आल्या. भारतात 1897 च्या आसाम भूकंपाचा भूगर्भशास्त्रज्ञ ओल्डहॅम यांनी आणि 1905 च्या कांगडा भूकंपाचा मिडलमिस यांनी असाच अभ्यास केला. अलीकडे मार्टिन आणि सेलिगा या संशोधकांनी 1636 ते 2009 या काळातील 570 भूकंपांच्या नोंदी एकत्र आणून 2010 मध्ये प्रसिद्ध केल्या. हे काम मला फार मोलाचे वाटते.

खरी कसोटी लागते ती साक्ष वाचताना. ‘गाव भुईसपाट झाले’ एवढ्या एका वाक्यावरून तीव्रतेची वरची पायरी देता येत नाही, कारण आपल्याकडच्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे माळवदाचे ओझे तुलनेने कमी हादऱ्यातही कोसळते. म्हणूनच एमएसके श्रेणीत घराचा प्रकार आधी पाहतात. शिवाय जुनी वर्तमानपत्रे पडलेल्या घरांविषयी भरभरून लिहीत, शेजारच्या उभ्या राहिलेल्या घरांविषयी क्वचितच. त्यामुळे केवळ बातम्यांवर विसंबले तर तीव्रता फुगते.

नोंदी विरळ असल्या की प्रदेश शांत भासतो. 1967 च्या कोयना भूकंपानंतर देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा बदलावा लागला, तरी 1993 मध्ये किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्र 1 मध्येच होती. 2002 च्या सुधारणेत ते क्षेत्रच रद्द झाले, आणि त्या आवृत्तीत सोलापूरची नोंद क्षेत्र 3 मध्ये आहे.