माया नगरांची शेवटची तारीख

मध्य अमेरिकेतील प्राचीन माया संस्कृतीच्या, आजच्या होंडुरासमधील कोपान या नगराच्या अवशेषांत एक चौकोनी दगडी वेदी आहे. अभ्यासक तिला ‘वेदी एल’ म्हणतात. तिच्या एका बाजूवर समोरासमोर बसलेले दोन राजे आणि त्यांच्यामध्ये तारीख कोरलेली आहे. दुसऱ्या बाजूवर शिल्पकाराने नुकता हात घातलेला दिसतो आणि उरलेल्या बाजू कोऱ्याच आहेत. ही तारीख इसवी सन 822 मधील आहे. तिच्यानंतरची तारीख असलेला दगड कोपानमध्ये सापडत नाही. ग्वाटेमालातील टिकाल नगरात शेवटची तारीख 869 ची आहे, तर मेक्सिकोतील तोनिना येथे ती 909 ची आहे. तोनिनाचा हा लेख माया लोकांच्या ‘दीर्घगणना’ पद्धतीतील आजवर ज्ञात असलेला अखेरचा लेख होय. तारखा कोरणे असे एकेका नगरात थांबले आणि नगरे ओस पडली, ती दुष्काळामुळे का, हा संशोधकांपुढचा जुना प्रश्न आहे.

माया संस्कृतीच्या अस्ताचा शोध आकडेवारीच्या अंगाने घेणाऱ्यांसाठी ही दीर्घगणना म्हणजे मोठेच घबाड आहे, कारण तिच्यात महिना-वर्षाचा घोळ नसून एका आरंभदिनापासून उलटलेल्या दिवसांची सरळ मोजणी असते. तोनिनाची तारीख 10.4.0.0.0 अशी लिहिली जाते. त्यातील पहिला अंक 1,44,000 दिवसांचे आणि दुसरा 7,200 दिवसांचे एकक मोजतो, म्हणजे इ. स. पू. 3114 च्या ऑगस्टमधील आरंभदिनापासून 14,68,800 दिवस झाले, तेव्हा हा दगड उभा राहिला. आपल्या कालगणनेशी या पद्धतीचा जो सांधा जुळवला गेला आहे, त्याची पडताळणी 2013 मध्ये टिकालच्या एका मंदिरातील दारावरच्या कोरीव लाकडी तुळईवरून झाली. आपल्या वाड्यांत जिथे गणेशपट्टी असते तिथली ही तुळई. तिच्या लाकडाचे कार्बन-14 कालमापन आणि तिच्यावर कोरलेली तारीख यांचा मेळ बसला.

माणसांच्या बाजूचे घड्याळ असे दिवसापर्यंत अचूक असताना निसर्गाच्या बाजूचे, म्हणजे दुष्काळ कधी पडले हे सांगणारे, घड्याळ मात्र बराच काळ ढोबळ होते. माझ्या मते या सगळ्या संशोधनातील खरी अडचण दुष्काळ पडला की नाही ही कधीच नव्हती. ही दोन घड्याळे एकमेकांशी लावायची कशी, ही होती.

दुष्काळाचा पहिला भक्कम पुरावा 1995 मध्ये डेव्हिड होडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातील चिचनकनाब सरोवराच्या तळाच्या गाळातून मांडला. पाणी आटू लागले की या सरोवरातले जिप्सम हे खनिज स्फटिकरूपाने तळाशी बसते. त्याच वेळी ऑक्सिजन-16 असलेले हलके पाणी आधी वाफ होऊन जाते आणि मागे राहिलेल्या पाण्यात ऑक्सिजन-18 चे प्रमाण वाढते. साधारण 800 ते 1000 या काळातील थरांत या दोन्ही खुणा ठळकपणे मिळाल्या. पुढे 2003 मध्ये गेराल्ड हाउग यांच्या गटाने व्हेनेझुएलाजवळच्या कारियाको खोऱ्यातील सागरी गाळात टायटॅनियम मोजले. पाऊस चांगला झाला की नद्या जमिनीवरचे टायटॅनियम समुद्रात वाहून आणतात, पाऊस ओढ देतो तेव्हा ते घटते. या नोंदीत सुमारे 760, 810, 860 आणि 910 या वर्षांच्या आसपास दुष्काळ दिसले आणि माया नगरे टप्प्याटप्प्याने ओस पडली ती याच दुष्काळांमुळे, हे चित्र लोकप्रिय झाले.

येथे कागद-पेन्सिल घेऊन एक हिशेब करून पाहावा. या चार दुष्काळांत प्रत्येकी 50 वर्षांचे अंतर आहे. गाळाच्या कालमापनात 25 वर्षे इकडे-तिकडे होऊ शकतात असे क्षणभर धरले, तर 735 ते 935 या 200 वर्षांतील कोणतेही वर्ष कोणत्या ना कोणत्या दुष्काळाच्या टप्प्यात येतेच. कोपानचे 822 बसते, टिकालचे 869 बसते, तोनिनाचे 909 ही बसते. आणि डोळे मिटून निवडलेले 777 सुद्धा बसते. जो सांधा कशालाही जुळतो, त्याने काहीच सिद्ध होत नाही. शिवाय कारियाको खोरे टिकालपासून अडीच हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे, हेही विसरून चालणार नाही.

हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही. चिचनकनाबच्या नोंदींत दर 208 वर्षांनी दुष्काळाचे चक्र येते आणि त्याचा संबंध सूर्याशी आहे, असा निष्कर्ष 2001 मध्ये मांडला गेला होता. ख्रिस कार्लटन, डेव्हिड कॅम्पबेल आणि मार्क कोलार्ड यांनी 2014 मध्ये तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि कार्बन-14 च्या तारखांतील अनिश्चितता हिशेबात धरल्यावर हे चक्र टिकत नाही, असे दाखवून दिले. नवा गाळ न उपसता, केवळ जुन्या आकड्यांकडे अधिक प्रामाणिकपणे पाहून केलेले हे काम मला नव्या शोधाइतकेच मोलाचे वाटते.

घड्याळ सुधारले ते गुहांमध्ये. चुनखडीच्या गुहेत छतावरून थेंब थेंब पाणी पडून जमिनीवर जे स्तंभ वाढतात, त्या स्टॅलॅग्माइटचे वय युरेनियम-थोरियम पद्धतीने बरेच अचूक काढता येते. डग्लस केनेट यांच्या गटाने बेलीझमधील योक बालुम गुहेतला असा एक स्तंभ मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या अंतराने खरवडला आणि सुमारे 2,000 वर्षांच्या पावसाची चार हजारांहून अधिक मोजमापे 2012 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतून दिसले ते असे, की 440 ते 660 हा काळ भरपूर पावसाचा होता, त्याच काळात नगरे आणि लोकसंख्या वाढली. 660 नंतर हवामान कोरडे होत गेले आणि सर्वांत दीर्घ दुष्काळ 1020 ते 1100 या दरम्यान पडला. म्हणजे सर्वांत दीर्घ दुष्काळ आला तेव्हा दक्षिणेकडची बहुतेक मोठी नगरे आधीच मोडकळीस आली होती.

पाऊस नेमका किती घटला, यावर एकवाक्यता नाही. 2012 च्या एका अभ्यासाने वार्षिक घट 25 ते 40 टक्के काढली; 2018 मध्ये चिचनकनाबच्या जिप्सम स्फटिकांत अडकून राहिलेल्या पाण्यावरून ती 41 ते 54 टक्के आणि ऐन दुष्काळात 70 टक्क्यांपर्यंत असल्याचे मांडले गेले. पण वर्षाची सरासरी शेतकऱ्याच्या फारशी कामाची नसते, हे कोरडवाहू मुलखातल्या वाचकाला सांगायला नको. मक्याला पाणी हवे त्या महिन्यांत पाऊस झाला का, हा प्रश्न महत्त्वाचा. केंब्रिज विद्यापीठाच्या डॅनियल जेम्स यांच्या गटाने 2025 मध्ये युकातानमधील त्झाबनाह गुहेच्या स्तंभात ऋतूंचे थर वेगळे काढले आणि 871 ते 1021 या काळात पावसाळाच कोरडा गेल्याचे, किमान तीन वर्षे चाललेले आठ दुष्काळ ओळखले. त्यांतील सर्वांत लांब दुष्काळ 13 वर्षांचा होता.

तरीही एक गोष्ट खटकत राहते. युकातानचा उत्तर भाग मुळातच कोरडा, तिथे वाहत्या नद्या जवळजवळ नाहीत. दक्षिणेत नद्या आहेत, पाऊसही अधिक. तरी दक्षिणेकडची नगरे आधी ढासळली आणि उत्तरेतील उश्माल व चिचेन इत्झा यांचा भरभराटीचा काळ त्या पडझडीतही चालू होता. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, विमानातून लेझर सोडून केलेल्या लायडार पाहणीत ग्वाटेमालाच्या जंगलाखाली 2,144 चौरस किलोमीटरांत 61,480 बांधकामे मोजली गेली आणि त्यावरून मध्यवर्ती सखल प्रदेशाची लोकसंख्या 70 लाख ते 1 कोटी 10 लाख असावी, असा अंदाज बांधला गेला. इतकी माणसे शेती, व्यापार आणि राजकारणाने एकमेकांना बांधलेली असतील, तर एका ठिकाणचा दुष्काळ दुसऱ्या ठिकाणी पाऊस पडत असतानाही जाणवू शकतो.

ग्वाटेमालातील इत्झान या छोट्या नगराजवळच्या सरोवराने नेमकी हीच शक्यता समोर आणली. बेंजामिन ग्विनेथ आणि सहकाऱ्यांनी त्याच्या गाळातून तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या: झाडांच्या पानांवरील मेणातून पावसाचा अंदाज, जळणाच्या अवशेषांतून जंगल पेटवून केलेल्या शेतीचा, आणि मानवी विष्ठेतून येणाऱ्या स्टॅनॉल या रेणूंतून लोकसंख्येचा. तिन्ही खुणा एकाच गाळातल्या असल्यामुळे येथे दोन घड्याळे जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. पानांच्या मेणात दुष्काळाची खूण नाही. इत्झानला पाऊस पडत राहिला होता. पण सुमारे 1,000 वर्षांपूर्वीच्या थरांपर्यंत पोहोचता पोहोचता स्टॅनॉलचे प्रमाण घसरते, शेतीच्या जाळाची राखही विरळ होत जाते.